लाल वर आहे

"काय दिसतंय?" मिस्त्रींनी पलीकडून ओरडून विचारलं.

"एक रेघ."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. एकच रेघ आहे."

मैदानाच्या मध्यावर हातभर लांबीचं हेलिकॉप्टर उडू की नको अशा बेतात उभं होतं. वरची दोन पाती भरवेगात फिरत होती आणि खालचं वाळकं गवत आडवं झालं होतं. पंधरा पावलांवर बुटक्या स्टुलावर मिस्त्रींची बायको बसली होती. मैदानावर सगळे तिला वहिनी म्हणत. तिने मान इतकी खाली घातली होती की डोळे बरोबर पात्यांच्या पातळीत आले होते. एका पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी होती, दुसऱ्याच्या टोकाला काळी. दोन्ही पाती एका उंचीवर फिरत असली की टोकाशी एकच रेघ दिसते. एक जरा वर चालत असेल तर एकावर एक दोन रेघा दिसतात, आणि मग सगळं यंत्र थरथरतं. उडवणाऱ्याचे दोन्ही हात रिमोटवर अडकलेले, म्हणून हे बघायला दुसरं माणूस लागतं. गेली चार वर्षं ते दुसरं माणूस म्हणजे वहिनी.

मिस्त्रींनी हेलिकॉप्टर छातीइतकं वर घेतलं आणि हवेत एका जागी धरलं. वहिनीने मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पाचाला हेलिकॉप्टर मान डोलवू लागलं. फार नाही. कुणी तरी बारीक आवाजात विचारावं आणि त्याने हो हो, हो हो म्हणत राहावं, एवढंच.

"हे बघ! परत!" मिस्त्रींनी ते खाली टेकवलं. "कुठेतरी लूज आहे. शंभर टक्के."

वहिनी हेलिकॉप्टरकडे बघत नव्हती. ती त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होती. रिमोटच्या काडीवर टेकलेला तो अंगठा त्याच तालात, तेवढाच हलत होता.

हे तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं. पहिल्यांदा दिसलं ते घरात. मिस्त्री पेपर वाचत बसले होते, डावा हात मांडीवर सैल पडला होता, आणि अंगठा तर्जनीवर असा फिरत होता, जणू धाग्याचं टोक सुईत घालायच्या आधी वळतायत. ते दोघंही कपड्यांच्या कारखान्यात होते. ते शिलाई मशीनचे मिस्त्री आणि ती चेकिंगच्या टेबलावर. तिला आधी वाटलं, जुनी सवय. मग दिसलं, पान उलटलं की थांबतं आणि हात सैल पडला की पुन्हा सुरू होतं. असला कुठला धागा आला हा, जो वळून संपतच नाही.

मिस्त्रींनी मात्र बिघाड यंत्रात शोधायला घेतला. आधी बेअरिंग बदलली. मग मधला दांडा वाकला असेल म्हणून नवा घातला. पाती धरणारं डोकं प्लास्टिकच्या जागी धातूचं बसवलं. नवी पाती आणून दोन्हींचं वजन सारखं करायला त्यांनी एक दुपार घालवली. वहिनीने चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे कापून द्यायचे आणि त्यांनी हलक्या पात्याला लावायचे. शेवटी त्यांनी जायरोसुद्धा बदलला. म्हणजे यंत्र कलायला लागलं की आपलं आपण सावरणारी डबी. जुन्या यंत्राचं खरं सांगायचं तर पाय आणि शेपटीच उरली होती. प्रत्येक बदलानंतर ते रविवारी मैदानावर यायचे, आणि प्रत्येक रविवारी हेलिकॉप्टर पाचाला हो हो म्हणायचं.

मुलगी फोनवर विचारायची, "आई, बाबांना दाखवलंस का डॉक्टरांना?"

"मशीन सुधारलं की जाऊ म्हणतात."

"आणि तू काय म्हणतेस?"

वहिनी यावर गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणायची.

त्या रविवारी हेलिकॉप्टर खाली टेकलं तसे कॅप्टन जवळ आले. हे कुठल्या जहाजाचे कॅप्टन नव्हते. जन्मभर बस चालवली, पण डोक्यावरची टोपी काही काढली नाही, त्यावरून पडलेलं नाव. मैदानावर विमानं आणि हेलिकॉप्टर उडवणारे पाचसहा जण यायचे, त्यांत हात सगळ्यात चांगला कॅप्टनचा.

"मिस्त्री, अजून डोलतंय का हो तुमचं? भजनाला पाठवा एकदा."

"हसा लेको. सगळं बदललं, तरी कुठेतरी ढिलं आहे."

"आणा इकडे. मी धरून बघतो. यंत्रात आहे का वाऱ्यात, दोन मिनिटांत कळेल."

बोलणं साधं होतं. मिस्त्रींनाही पटलं. त्यांनी गळ्यातला रिमोटचा पट्टा काढायला मान वाकवली. बाकीचे चौघं आपापली यंत्रं ठेवून बघायला सरकले.

कॅप्टनच्या हातात ते हेलिकॉप्टर भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखं उभं राहणार होतं, हे वहिनीला दिसत होतं. पाच माणसांसमोर. आणि मिस्त्री तिथेच रिकाम्या हाताने उभे असणार.

"थांबा!" ती स्टुलावरून उठली. "लाल वर आहे."

"आं?" मिस्त्री वळले. "मघाशी तर एक रेघ म्हणालीस."

"खाली एकच होती. वर गेल्यावर दिसलं. लाल वर चालतेय. थोडीच."

मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की वहिनीला तिकडे बघवेना.

"बघा कॅप्टन! म्हणत होतो ना? तीस वर्षं चेकिंगला होती ही. हिच्या डोळ्यातून धागा सुटत नाही. मालक स्वतः यायचे पीस दाखवायला."

"वहिनी, आमच्या बसवर तिकिटं तपासायला हव्या होत्या तुम्ही," कॅप्टन म्हणाले आणि आपल्या विमानाकडे परत गेले.

मिस्त्री उकिडवे बसले. प्रत्येक पात्याचा कल धरून ठेवणारी एक बारीक दांडी असते, तिच्या टोकाला आटे असतात. लाल पात्याची दांडी त्यांनी सोडवली, एक आटा आत फिरवला आणि टक् करून परत बसवली. कामाला लागला की हात कसा अगदी स्थिर. वहिनीला हेच कळत नव्हतं. काम करताना बरा असणारा हात रिकामा झाला की का बिघडतो?

या वेळी हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं तेच थरथरत. शेपटी धूसर दिसायला लागली. पायांचा खडखड आवाज स्टुलापर्यंत येत होता.

"आता?"

आता खरंच दोन रेघा होत्या. काळी वर, लाल खाली, मध्ये बोटभर उजेड. चांगलं यंत्र तिने आपल्या तोंडाने बिघडवलं होतं.

"ऊन येतंय डोळ्यावर," वहिनी म्हणाली. "नाही कळत."

"राहू दे, राहू दे. घरी जाऊन मापं घेतो." मिस्त्रींनी यंत्र खाली घेतलं. "पण सापडला, गं. सापडला एकदाचा."

परतताना ते वाटभर बोलत होते. दांडीचं टोक झिजलं असणार, नव्या डोक्याची मापं जुन्यापेक्षा वेगळी असणार. हेलिकॉप्टर त्यांच्या काखेत होतं आणि स्टूल वहिनीच्या हातात. तीन महिन्यांत ते एवढे खुशीत नव्हते. वहिनी हं हं करत होती. टेबलावर असताना चुकलेल्या शिवणीवर ती लाल बाणाची पट्टी चिकटवायची. तो पीस परत जायचा आणि शिवणारी मुलगी शिव्या घालत उसवायची. वहिनी कुणाच्या शिव्यांना भ्यायली नाही, कारण तिचा बाण कधी खोटा नव्हता.

जेवणं झाली. मिस्त्री खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी बसले. कारखाना सोडताना आणलेला शिलाई मशीनचा दिवा तिथे होता, तो दिवसासुद्धा लावायचे. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. माप घ्यायचा व्हर्निअर उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. परत उघडल्याचा. मग वहीची पानं उलटल्याचा. मिस्त्री प्रत्येक दांडीचं माप वहीत लिहून ठेवत, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पुसलेलं ताट ती पुन्हा पुसत राहिली.



"अगं, जरा ये इकडे."

ती पदराला हात पुसत आली. वही उघडी होती. लाल आणि काळ्या दांडीची दोन मापं एकाखाली एक, अगदी सारखी. समोर पेन्सिलने आजचं माप, लाल एका आट्याने आखूड.

"तीस वर्षांत," मिस्त्रींनी व्हर्निअर मिटवत विचारलं, "एक तरी चांगला पीस तू परत पाठवलास?"

"नाही."

"मग आज का पाठवलास?"

मिस्त्रींनी डावा हात दिव्याखाली ठेवला, तळवा वर करून, दुकानात एखादी वस्तू दाखवायला ठेवावी तसा. दोघं बघत राहिले. एक, दोन, तीन, चार. मग अंगठा हलू लागला.

"कधीपासून बघतेयस?"

"दोन महिने झाले."

"मी तीन," मिस्त्री म्हणाले.

तिने मान वर केली.

"रिमोटमध्ये एक सेटिंग असतं. काडी बधिर करायचं. थोडी हलवली तर यंत्राने लक्ष द्यायचं नाही, जास्त हलवली तरच ऐकायचं. नवशिक्यांसाठी असतं ते. तीन महिने रोज थोडं थोडं वाढवतोय." ते किंचित हसले. "यंत्राला सांगत होतो, माझ्या बोटाचं फार मनावर घेऊ नकोस म्हणून. आता त्याच्या पलीकडे सेटिंगच नाही."

"मग एवढं सगळं बदललंत कशाला?"

"बेअरिंग असतं तर बरं झालं असतं ना."

हाताने काही करता आलं असतं तर वहिनीने केलं असतं. चिकटपट्टी कापली असती, दिवा धरला असता, पंधरा पावलांवर जाऊन मान मोडेपर्यंत बसली असती. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आतल्या आत तो हलतच राहिला. मुठीत धरलेलं पाखरू निदान सोडता तरी येतं.

"कॅप्टनने धरलं असतं," मिस्त्री हळूच म्हणाले, "तर मला पटलं असतं का गं? का मी तरीसुद्धा वारा म्हटलं असतं?"

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत. चेकिंगला तू होतीस."

मग त्यांनी हात सोडवून घेतला. लाल दांडी काढली, एक आटा बाहेर फिरवला, माप घेतलं, बसवली. आजचं पेन्सिलचं माप खोडरबराने खोडलं आणि कागदावरचा कीस फुंकला.

मंगळवारी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावलं. गोळ्या दिल्या. बाहेर बाकावर बसल्यावर मिस्त्री म्हणाले, "पार्ट मिळत नाही म्हणाले. म्हणजे असं म्हणाले नाहीत, पण तेच."

"कळलं मला."

"गोळीने थोडं कमी होईल म्हणाले."

"तेही कळलं."

रविवारी वहिनीला वाटलं होतं, आज निघणार नाहीत. पण सकाळी ते हेलिकॉप्टर काखेत घेऊन दारात उभे. तिने स्टूल उचललं.

मैदानावर मिस्त्री थेट कॅप्टनकडे गेले. रिमोटचं ते सेटिंग त्यांनी घरीच काढून टाकलं होतं. काडी आता पहिल्यासारखी जागी होती, हलक्याशा स्पर्शालाही ऐकणारी. त्यांनी पट्टा कॅप्टनच्या गळ्यात घातला.

"तुम्ही उडवा."

"आणि तुम्ही?"

"मी बघतो. कधी लांबून बघितलंच नाही."

कॅप्टनने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे बघितलं आणि टोपी सारखी करून रिमोट धरला.

पाती फिरली, गवत आडवं झालं. हेलिकॉप्टर छातीइतकं वर गेलं आणि थांबलं. वहिनी मनात मोजत होती. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. ते तसूभरही हललं नाही.

"मिस्त्री!" कॅप्टन ओरडले. "काय बसवलंय हो! लोणी आहे लोणी! काय होतं शेवटी?"

"एक आटा होता," मिस्त्री म्हणाले.

ते तिच्या स्टुलामागे येऊन उभे राहिले. उन्हात त्यांची सावली तिच्या पायापाशी पडली होती. डावा हात पँटच्या खिशात होता आणि सावलीतही त्या खिशाचं कापड बारीक हलताना दिसत होतं.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

वहिनीने सावलीवरून नजर उचलली. मान खाली घातली, डोळे पात्यांच्या पातळीत आणले आणि नीट बघितलं.

"एक रेघ," ती म्हणाली.