एका पिशवीत दोघं

विलायवनने कापडी पिशवीत हात घातला आणि एकाऐवजी दोन वटवाघळं हाताला लागली. एक पानासारख्या नाकाचं, दुसरं घोड्याच्या नालेसारख्या.

"काका, हे काय?"

गुहेचे वाटाडे खामफेटकाका यांनी चिकट भाताचा घास गालात सरकवला. "रात्री गारठा होता. एकटंच कुडकुडत होतं बिचारं."

"आधीही केलंत असं?"

"दर थंडीत."

तिने पिशवी खाली ठेवली. तीन वर्षं ती लाओसमधल्या थाखेकच्या डोंगरांतल्या वटवाघळांच्या अंगावरच्या माशा गोळा करत होती. बिनपंखी, केसांत तिरक्या पळणाऱ्या, यजमानाच्या रक्तावर जगणाऱ्या. वटवाघळांचं घराणं जिथे फुटलं, तिथेच माशांचंही फुटलं होतं. लाखो वर्षं दोघं जोडीने बदलत आली होती. माशांची एकच जात भलत्या घरात, दुसऱ्याच वटवाघळांवर निघत होती आणि तिच्यापायी सगळा प्रबंध अडला होता. आता कारण कळलं. पिशवीत माशीने घर बदललं असणार.

"एक पिशवी, एक प्राणी! किती वेळा सांगितलं!"

"सांगितलंस की. पण माशी दुसऱ्याकडे कशाला जाईल गं? माझ्या सासूसारखी आहे ती. शिव्या मला देते, पण जेवायला शेजारी जात नाही."

"उद्यापासून येऊ नका, काका."

काकांनी हात धुतले आणि भाताची टोपली उचलून ते चालू लागले.

चूक पुराव्यासकट लिहायची म्हणून तिने मुद्दाम दोन्ही जाती एका पिशवीत ठेवल्या. सकाळी पाननाक्याच्या माशा पाननाक्यावर, नालनाक्याच्या नालनाक्यावर. दहा दिवस, दहा पिशव्या. एकही हलली नाही.

म्हणजे ती भलती माशी खरीच होती. माणूस नव्हता तेव्हा कधीतरी गेली आणि तिकडेच नांदली. नीटस वंशावळ बिघडली ती बिघडलीच, वर दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.

काका खांबांवरच्या घराखालच्या सावलीत बसले होते. शेजारी चुनखडीच्या खाणीत कामावर मिळालेलं नवं कोरं पिवळं हेल्मेट. काकू मिरची कुटत होत्या.

"काका, माशा जात नाहीत."

"बरं."

"पण एक गेली होती. फार पूर्वी."

"का गेली?"

"तेच कळत नाही."

काकूंचा हात थांबला नाही. "हाकलली असेल कुणी," त्या म्हणाल्या.