ओला जिना आणि एक्क्याण्णव टक्के

"मेंदूत रक्त का सांडलं, हे ओळखणारा डोळा या पृथ्वीतलावर एकच, आणि तो माझा!" अशी घोषणा करून स्कॅन विभागाचे मोठे डॉक्टर स्क्रीनकडे मिनिटभर रोखून पाहत राहिले.

"स्क्रीन चालू करू का, साहेब?" टेक्निशियन बाईंनी विचारलं.

साहेबांची पद्धत जुनी होती. आधी फॉर्म वाचायचा, मग चित्र बघायचं. चित्रात फॉर्म सापडला की सही. आजचा फॉर्म पेशंटच्या लेकीने भरला होता, जागा संपल्यावर समासातसुद्धा. 'वहिनीने जिना ओला ठेवला. बाबा घसरले, डोकं आपटलं.' साहेबांनी लिहून टाकलं, 'रक्तस्रावाचं कारण: पडल्याचा मार.'

बाहेर लेकीने तो रिपोर्ट वहिनीच्या नाकासमोर फडकवला.

"हा घेऊन सरळ पोलिसात जाते आता. जिना पुसतेस की माणसं?"

"दहा वर्षं पुसतेय, ताई. तुम्ही येऊन गेलात की दोनदा पुसते."

एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा असलेला गृहस्थ 'शांतता राखा' ही पाटी मन लावून वाचत होता. त्याची ती तिसरी खेप.

तेवढ्यात टेक्निशियन बाई आल्या. "तो कागद परत द्या. आत या सगळे. नव्या मशीनचं मत वेगळं पडलंय."

आत कृत्रिम बुद्धिमत्तेने मेंदूच्या गाभ्यात लाल चौकट आखली होती. 'वाढलेल्या रक्तदाबाने रक्तवाहिनी फुटल्याची शक्यता ९१ टक्के.' साहेबांनी चित्र पुन्हा पाहिलं, यावेळी फॉर्म उलटा ठेवून. मार लागला की रक्त बहुधा कवटीच्या कडेला दिसतं. हे खोल आत होतं.

"आधी नस फुटली, मग ते पडले," दाढ उपटून घेतल्यासारखं तोंड करून ते म्हणाले.

"त्या डबड्याला काय कळतंय आमच्या घरातलं?" लेक कडाडली.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "त्याला तुमचा फॉर्म दाखवतच नाहीत."

साहेब स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याकडे वळले. "आजोबा, रक्तदाबाची गोळी घेता ना?"

"महिना झाला... बंद," म्हातारा जड जिभेने म्हणाला. "लेक म्हणाली, गोळ्यांनी माणूस खंगतो."

खोलीतले सगळे डोळे लेकीकडे वळले. पाटीवाल्याला तर कंठ फुटला. "ताई, पोलिसात जायचंय ना? चल, मी सोडतो."

"म्हणजे आता मी मारलं का बाबांना?"

"मी जिवंत आहे," म्हातारा म्हणाला. मग मान कशीबशी सुनेकडे वळवली. "सूनबाई, माझी डावी चप्पल जिन्यातच राहिलीय. तेवढी घेऊन ये. आणि जपून गं, जिना ओला असतो तुझा."