बर्फखान्याची फरशी

हमदुल्ला मिस्त्री दाभोळचा. कोकणातला माणूस घर बांधताना आधी आभाळाकडे बघतो, यानंही तेच केलं. एकोणीसशे चौसष्टात रास अल खैमाच्या खाडीकाठी अरबाबनं, म्हणजे त्याच्या अरब मालकानं, मासळीसाठी बर्फखाना बांधायला घेतला. फरशीखाली घालायला डांबराची पिंपं आली. मिस्त्रीनं ती सगळी छपरावर ओतली. म्हणाला, “जिथं पाऊस नाही तिथल्या जमिनीत पाणी कुठून येणार?” अरे, पाऊसच नाही तर छपराला तरी डांबर कशाला? पण त्या शहाण्याला विचारणार कोण!

बर्फखाना सुरू झाला, गारठा खाली उतरला नि फरशी मधोमध फुगली. भेगांतून बर्फ वर आला, जाड दार लागेना. अरबाबनं विचारलं, हे कुणाचं काम? मिस्त्रीच्या तोंडून पटकन निघून गेलं, “वलीचं. फरशी धुतो नि दार उघडं टाकून चहाला जातो.”

वलीचाचा तिथला राखणदार, साठीचा, मिस्त्रीच्याच गावचा. मिस्त्रीनंच त्याला बोलावून आणलेलं. अरबाब म्हणाला, “खलास.” शुक्रवारच्या बोटीनं वलीनं घरी जायचं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

बुधवारी मिस्त्री फरशी दुरुस्त करायला बसला. छिन्नीनं फोडली, तर खाली वीतभर बर्फ, थरावर थर. वली फरशी धुवायला टाकीतलं गोडं पाणी घ्यायचा. मिस्त्रीनं बर्फाची कपची जिभेवर ठेवली. खारट. खाडीचं पाणी वाळूतून झिरपत आलं होतं, खाली गोठून फरशी वर उचलत होतं. उधाणाला गावच्या खाडीकाठी खाजणातली जमीन खालून ओलावते, हे यानं लहानपणापासून पाहिलेलं. ते आता आठवलं. फार लाज वाटली. आणि तरी, खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो फरशी गुपचूप बुजवायचा. सिमेंट कालवलंही त्यानं. मग हात चालेना. घमेलं तसंच टाकून तो वलीच्या खोपटाकडे निघाला.

वली ट्रंक भरत होता. “ये बाबा, बरं झालं आलास. तुझी माफी मागायची होती. तू मला इथं आणलंस नि मी तुझं नाव घालवलं. दार माझ्याकडूनच राहिलं असणार. मला आठवतसुद्धा नाही, बघ. तुझ्या चाचीला, हलिमाला, पत्र घातलंय, माझं डोकं चालेनासं झालंय, आता घराच्या किल्ल्या माझ्याकडे देऊ नकोस.”

मिस्त्रीला खाली बसवेना. “चाचा, दार बंदच होतं. पाणी खालून आलं. डांबर मी घातलं नाही.”

“तू मला दार उघडं टाकताना पाहिलंस ना?”

“नाही पाहिलं.”

वलीनं हातातल्या सदऱ्याची घडी केली नि तो ट्रंकेवर ठेवला.

“चला, आत्ताच अरबाबला सांगतो,” मिस्त्री म्हणाला.

“सांग. नोकरी राहील माझी. पण पत्र कालच गेलं रे. हलिमाला वाचता येत नाही. मौलवी ओटीवर बसून वाचतात, चारचौघांसमोर. गावात आता मी खुळा.”

मिस्त्रीची मान वर होईना. “मी लिहितो तिला, चाचा. सगळं लिहितो. माझंही तिथंच वाचू दे.”