बुटांचं वजन

वर्गात लक्ष लागावं म्हणून गोळ्या खाणाऱ्या मुलांची भूक मरते, म्हणून दर भेटीत त्यांचं वजन करायचं, हे दवाखान्यातल्या सिस्टरच्या अंगवळणी पडलं होतं. या पोरीचं वजन दर वेळी ठाकठीक भरायचं, फ्रॉक मात्र खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा. आज सिस्टरला ते गणित जुळेना.

"बूट काढ गं."

"राहू द्या ना, फरशी गार आहे," आई घाईघाईने म्हणाली.

सिस्टरने खाली बसून स्वतःच बूट ओढला. तो दगडासारखा जड लागला. आत चिंध्यांत गुंडाळलेले लोखंडी नट होते, बापाच्या गॅरेजमधले. अनवाणी वजनकाट्यावर चढवली, तर पोरीच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

"अहो, लेकीच्या जिवावर उठलात का?" सिस्टर कडाडली.

"वजन उतरलेलं दिसलं की डॉक्टर गोळी बंद करतील," आई खाली बघत म्हणाली. "दोन शाळांनी हिला काढून टाकलंय, सिस्टर. आत्ता कुठे एका जागी बसायला लागलीय. परवा बाईंनी पहिल्यांदा शाबासकी दिली."

सिस्टरने पोरीला जवळ ओढलं, तर हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

"भूक लागत नाही का गं तुला?"

पोरीने आधी आईकडे पाहिलं. मग बाकावर बसून, दोन्ही हात मांडीवर नीट ठेवून ती म्हणाली, "नाही. मी आता शहाणी झालेय."