कासवाची थंड बाजू

बुरुलसूननं कासवाला पेटीतून उचललं आणि उलटं करून पाहिलं. पोटाखालचं कवच तांबूस पडलं होतं, एका जागी सालपट सुटलं होतं. कासव मान बाहेर काढेना.

पलंगावरून कादिरकुल बघत होता. आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि तिच्या नवऱ्याची उजवी बाजू गेली, शब्दही मोजकेच उरले. वीस वर्षांपूर्वी ट्रक चालवताना वाळवंटातल्या रस्त्यावर त्याला हे कासव सापडलं होतं. आता दिवसभर बघत बसावं असं त्याच्याकडे तेवढंच राहिलं होतं. ते मेलं तर हा माणूस भिंतीकडे तोंड फिरवेल आणि परत वळणार नाही, याबद्दल बुरुलसूनला शंका नव्हती.

"काही नाही, झोपलंय," ती खोटं बोलली. शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं सूप ढवळून ती नुकतीच घरी आली होती. रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

वरच्या मजल्यावरची असिलकान गुरांची डॉक्टर; बुरुलसूनला ती एजे, म्हणजे ताई म्हणायची. तिला बोलावलं. तिनं पेटीत हात घातला नि चटकन मागे घेतला.

"एजे, खाली काय अंथरलंयत?"

"विजेवर तापणारी चटई. आधी वर दिवा होता, कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसला. तो पेटीत पडला, भुसा धुमसला. त्या दिवशी मी घरी होते; एरवी मी कामावर, आणि ह्यांना उठता येत नाही. घर पेटलं असतं तर? म्हणून काढला. आणि डोंगरातल्या ह्या नारिन गावच्या थंडीत आपणही खालीच जाड अंथरतो की."

"आपण माणसं. ह्याच्या मुलखात ऊन वरून येतं. उकडलं की हे माती उकरून खाली जातं, तिथं गारवा असतो. तुम्ही गारव्याच्या जागी चूल पेटवलीत."

बुरुलसूननं चटईची वायर ओढून काढली. चार दिवस कासव उकरत होतं. बघा, कसं घर करतंय, असं तीच कौतुकानं नवऱ्याला सांगत होती. एवढी माया करून तिनं त्या मुक्या जिवाला भाजून काढलं होतं.

"वाचेल," असिलकान म्हणाली. "मलम देते. दिवा परत लावायचा, पण छताच्या हुकाला साखळीनं, आणि भोवती जाळी. ठरल्या उष्णतेला आपोआप बंद होणारं यंत्र माझ्याकडे आहे, ते जोडू. आणि दिवा एकाच टोकाला हं. दुसरं टोक थंडच ठेवा. नको झालं की त्याला उठून जाता आलं पाहिजे."

तासाभरात सगळं जागेवर बसलं. असिलकान गेली. बऱ्याच वेळानं कासवानं डोकं काढलं, दिव्याखाली थोडं थांबलं आणि पाय ओढत थंड टोकाला जाऊन बसलं.

"घ्या," बुरुलसून म्हणाली. "एवढा खटाटोप केला, आणि महाराजांनी पाठ फिरवली."

"बुरुल," कादिरकुल म्हणाला. "तू पण."

"मी पण काय?"

त्यानं डाव्या हातानं स्वयंपाकघराचं दार दाखवलं. "जा. तिकडे."

"आणि तुम्हाला काही लागलं तर?"

"जा."

तिला ते बोचलं. आठ महिने शाळा सोडली तर ती त्याच्या हाकेबाहेर गेली नव्हती. मी नकोशी झाले का, असं मनात आलं. पण भांडायला ताकद कोणाला होती? तिनं दार अर्धवट लोटलं, खिडकीशी चहा घेऊन बसली, आणि अर्धा पेला संपायच्या आत टेबलावर डोकं टेकून झोपली.

जाग आली तेव्हा डोंगरावरचं ऊन उतरलं होतं. ती धावतच आत गेली.

कादिरकुल जागा होता. त्याच्या खालची चादर ओली झाली होती. तिनं हात लावला, तर गार लागली. म्हणजे बराच वेळ झाला होता.

"अहो, हाक नाही का मारायची?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला.

"झोपली होतीस," तो म्हणाला.