यादीतले रिकामे नऊ दिवस

दुसऱ्याच्या घरचं नेट दुरुस्त करणारा माणूस स्वतःला फार हुशार समजतो. मी तर जरा जास्तच. ताई मला लहानपणापासून 'दीडशहाणा' म्हणते, आणि मी ते कौतुक म्हणून घेत आलो.

आपण फोनवर एखादी साइट उघडतो तेव्हा फोन आधी तिचं नाव घेऊन पत्ता विचारतो. तेही उघड्यावर, मोठ्याने. वाटेत जो असेल त्याला ते नाव ऐकू येतं, आणि घरातल्या राउटरला तर ते लिहूनही ठेवता येतं. ताईच्या घरी ही सोय दाजींनी मागितली आणि मीच चालू करून दिली. दाजी गोदामांचे तपासनीस. संध्याकाळचा चहा झाला की कुठल्या फोनने काय विचारलं, त्याची यादी ते वाचत बसायचे. ताईची नोकरी त्यांनी सोडायला लावली होती, तिचं बँकेचं कार्ड त्यांच्या पाकिटात असायचं, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

मागच्या महिन्यात नेट हळू चालतंय म्हणून त्यांनी बोलावलं, तेव्हा ती यादी माझ्यासमोर आली. ताईच्या फोनसमोर नुसता कचरा होता. स्वेटरचे टाके, शाईचे डाग, मांजरांचे आजार. ताईकडे मांजर नाही. मी मनातल्या मनात हसलो. मग शेवटच्या पानावर त्या कचऱ्यात मधेच दुसऱ्या शहरातल्या एका महिला वसतिगृहाचं नाव दिसलं. तीन वेळा.

ताई घर सोडायला निघाली होती. त्या तीन ओळी दाजींच्या नजरेतून सुटल्या होत्या, चौथी सुटली नसती. अपडेट करून देतो म्हणून मी तिचा फोन घेतला आणि एक सेटिंग बदललं. आता तो फोन सगळे पत्ते बंद पाकिटात घालून विचारणार होता. पाकीट गेलं एवढंच राउटरला कळणार, आत काय ते नाही. ताईला सांगितलं नाही, म्हटलं उगाच घाबरेल. घरी येताना मी स्वतःवर जाम खूश होतो.

नऊ दिवसांनी दाजींचा फोन आला. "जरा येऊन जा. यादीत बिघाड आहे."

टेबलावर छापलेले कागद होते. ताई ओट्यापाशी उभी होती.

"गोदामात गेलो की मी आधी माल बघत नाही," दाजी शांतपणे म्हणाले. "रिकामे कप्पे बघतो. हिच्या फोनचे नऊ दिवस रिकामे आहेत. रोज दोन तास फोन हातात असतो. मग ते सगळं जातं कुठे?"

ताईने माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हाच सगळं कळलं.

"अपडेटने होतं कधीकधी," मी म्हटलं.

"मग बंद कर. आणि या घरात पुन्हा कुठल्याच फोनवर होणार नाही असं करून ठेव."

मी केलं. नाही म्हटलं असतं तर ते ताईवरच शेकलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. काम झाल्यावर दाजींनी तिचा फोन आपल्या खिशात घातला. "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे," म्हणाले, आणि मला सोडायला गाडी काढायला खाली गेले.

"मला विचारायचं तरी होतंस," ताई हळू आवाजात म्हणाली. "ते स्वेटर आणि मांजरं मी मुद्दाम उघडत होते. रोज पन्नास. तेच तेच वाचून ते कंटाळायचे, शेवटचं पान तर बघायचेही नाहीत. दीड वर्ष निभावलं मी असं."

"मी दुसरा फोन आणून देतो."

"खोली मिळालीय मला. शनिवारपर्यंत होकार द्यायचाय, आणि तो नक्की करायचा कोड त्यांनी नेलेल्या फोनवरच येणार आहे." तिने दार धरून ठेवलं होतं. "तू आता काही करू नकोस. खरंच, काहीच करू नकोस."

तरी मी वसतिगृहात फोन लावलाच. अर्जदाराने स्वतःच कळवायला हवं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? भाऊ बोलतोय असं सांगून नवराही फोन करू शकतो. शनिवारी संध्याकाळी ती खोली दुसरीला गेली.

रविवारी मी ताईच्या नंबरवर फोन केला. दाजींनी उचलला. "बोल ना. स्पीकरवर टाकतो."

"कशी आहेस?" मी विचारलं.

"बरी आहे. काही काम होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आता काही नाही."

पलीकडून ती म्हणाली, "बरं. तू जेवलास का?"