पाळीवरचं बंद घर

मुखरू ढिवर माघात मेला, आणि तोही त्रिपाद नक्षत्रावर. जन्मभर म्हातारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. जाताना मात्र लेकासुनेला पेचात टाकून गेला. सावली गावाहून आलेल्या जोशीमहाराजांनी पंचांग पाहून सांगितलं, घर तीन महिने बंद ठेवा, नाहीतर याच घरातून आणखी एक जीव जाईल.

घरात जीव तरी किती उरले होते? मुखरूचा लेक डोमा, सून कुंता आणि त्यांची वर्षाची चंदा. चंदाच्या आधीची दोन लेकरं डोमाने स्वतःच्या हातांनी पुरली होती. महाराजांचं बोलणं त्याच्या काळजात कसं गेलं असेल, ते सांगायला नको.

कुंताचं मन मात्र घेईना. तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, ती जागा गावचे जमीनदार असलेल्या मालगुजार भैयाजींच्या वडिलांनी मुखरूला तलाव राखायला दिली होती, तीही तोंडी. कागद नाही, सही नाही. आता सरकारी कायद्याने मालगुजारी गेली होती, आणि जो ज्या घरात राहतो त्याच्या नावावर ते घर लिहून घेत पटवारी गावोगाव फिरत होता. होळीच्या आगेमागे तो इथेही यायचा होता. तेवढं होऊ द्या, मग जाऊ, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. निदान मी एकटी राहते, म्हणाली.

"आन् तुलेच काई झालं तं?" डोमा म्हणाला. "चंदाले मी पाजू का?"

कुंताने मडकी आवरायला घेतली.

सामानासाठी भैयाजींनी स्वतःची बैलगाडी दिली. एरवी हा माणूस कुणाच्या लग्नालाही गाडी द्यायची म्हटली की नाक मुरडायचा. कुंताला ते खटकलं, पण तोवर मडकी आणि जाळी गाडीवर चढली होती. दाराला बोरीच्या काट्या लावून तिघं वैनगंगेपलीकडे तिच्या भावाकडे गेली.

पटवारी आला तेव्हा दाराला काट्या होत्या आणि चूल गार. बिचारे गाव सोडून गेले, असं भैयाजींनी हळहळून सांगितलं. घर का बंद आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तिथे उभा असलेला प्रत्येक जण भैयाजींचीच जमीन वाहत होता, आणि तीही तोंडीच. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि पटवाऱ्याने घर भैयाजींच्या नावावर लिहिलं. राग करावा तर कुणाकुणाचा करावा?

वैशाखात तिघं परतली. छपराचे कवेलू उतरवून बाजूला रचले होते आणि भिंतींच्या आत भैयाजींची गुरं बांधली होती. डोमा तसाच जाऊन भैयाजींच्या ओसरीपुढे उकिडवा बसला. आम्हाला का काढलं, एवढंच त्याने विचारलं.

"मी कुठी काढलं, डोमा? तुमीच गेले नं," भैयाजी म्हणाले. आवाज इतका मऊ, की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. मग तोडगाही त्यांनीच काढला. पाळीवरच झोपडी घाला, तलाव राखा. फक्त या खेपेला रीतसर लिहून घेऊ, की जागा मालकाची, राहणं मालकाच्या मर्जीचं, आणि जा म्हटलं की निघायचं. कागद तयार होता. शाईसुद्धा.

डोमाने मागे उभ्या असलेल्या कुंताकडे पाहिलं. सांगितलं होतं तुम्हाला, हे शब्द तिच्या ओठांशी आले होते. कडेवर चंदा तिचे केस ओढत खिदळत होती. पोरगी जिवंत होती, म्हणून नवऱ्याला चुकलात म्हणायचीही सोय उरली नव्हती.

"लावा अंगठा," ती म्हणाली.